कलम सात : घरच्यांस कळवावे

२२ फेब्रुवारी १९८७

कुसुम,

'चि. सौ.' लिहावं की नुसतं 'चि.', या विचारात दोन दिवस गेले. शेवटी नावावर भागवतो आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला चिरंजीव म्हणण्याचा अधिकार बावन्न वर्षांच्या भावाला असतो की नाही, ते शास्त्रात सापडलं नाही. 'सौ.'बद्दल तू चौदा वर्षांपूर्वी बसस्टँडवर मला काय म्हणालीस ते लक्षात आहे, म्हणून त्या वाटेला जात नाही.

मागची तेरा पत्रं तू नोकरी करतेस त्या दवाखान्याच्या पत्त्यावर पोचली असावीत. परत आली नाहीत, म्हणून हा तर्क. न्यायशास्त्रात याला अनुमान म्हणतात. तुझी वहिनी याला भ्रम म्हणते.

इकडची बातमी अशी की तुझा भाऊ नगरपालिकेत स्वीकृत सदस्य झाला आहे. निवडून यायला लोक लागतात. स्वीकृत व्हायला कुणाचा फारसा विरोध नसला की पुरतं. नववीच्या वर्गाला विभक्ती शिकवून झाल्या की मी सभेला जातो. तिथे मात्र एकवचनात कुणी बोलत नाही.

तू गेलीस तेव्हा कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या पलीकडे मोकळं माळरान होतं. तिथे पालिकेने आगीच्या बंबासाठी एक शेड बांधली आणि बंबावरच्या माणसांना राहायला शेजारी चार खोल्या. बंब मंजूर व्हायचा राहिला तो राहिलाच. गाव त्या जागेला बंबखाना म्हणतं. सात वर्षं तिथे शेळ्या बसत होत्या. आता ठराव झाला आहे की नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडलेल्या बायकांना त्या चार खोल्यांत सहा महिन्यांपर्यंत राहता येईल. वीज-पाणी पालिकेचं, आणि देखरेखीला एक सेविका मानधनावर. ही सेविका म्हणजे बालवाडीच्या बाई, सत्यशीला. दोन वर्षं ती सह्या आणि अंगठे गोळा करत फिरत होती. ठराव अकरा विरुद्ध नऊ मतांनी झाला, आणि अकरावं मत माझं होतं.

नंतर तीन तास या जागेचं नाव काय ठेवायचं यावर गेले. एका विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा नऊ वर्षं धुमसतो आहे, आमच्या चार खोल्यांनी का मागे राहावं. माणिकरावांना, म्हणजे बंबखान्याच्या समितीच्या सभापतींना, आपल्या मातोश्रींचं नाव हवं होतं. सत्यशीला दाराशी उभी राहून ऐकत होती. अठ्ठ्याहत्तर साली तिच्या वडिलांचं घर नावाच्याच भांडणात जळलं, त्यामुळे अशा चर्चेत तिला आमच्याइतकी गंमत वाटत नसावी. शेवटी नावाचा विषय पुढे ढकलला.

नियमावली मी लिहिली. अकरा कलमं, सूत्रासारखी. एक अक्षर काढून दाखव. सातवं मला विशेष जमलं आहे : 'प्रवेशापासून आठ दिवसांच्या आत, सदर स्त्री सुखरूप असल्याचे तिच्या घरच्यांस पत्राने कळवावे.' माणिकरावांचा आग्रह होता, पालिकेने बायका पळवल्या असं कुणी म्हणायला नको. पण त्यांनी सांगितलं नसतं तरी मी ते घातलंच असतं. लेक माहेरी आली की दुसऱ्या दिवशी खुशालीचं कार्ड सासरी गेलं पाहिजे, ही आईची शिस्त तुला आठवत असेल.

तुझी प्रकृती बरी असेल. (हेही अनुमानच.)

तुझा,
अण्णा


३ मे १९८७

कुसुम,

बंबखाना सुरू झाला. आजमितीला पाच बायका आहेत. माझी समजूत होती की अशा बायका रडत असतात. त्या भांडतात. नळावर, बाजेवर, खिडकीच्या जागेवर.

सगळ्यांत थोरली सुलाबाई, वालूरची, पंचावन्नच्या पुढची. पितळेची एक घागर घेऊन आली आणि ती कुणाला हात लावू देत नाही. मी विचारलं, "आजी, या वयात घर सोडलं?" तर म्हणाली, "पोरी उजवायच्या हुत्या, गुर्जी. आता मोकळी झाले. आन् आता त्याचा बी हात दुखतो, मंग काठी घेतो." मी नोंदवहीत 'कारण' या रकान्यात काय लिहावं या विचारात पडलो. सत्यशीलाने माझ्या हातून पेन घेतलं आणि लिहिलं : काठी.

चुलीवरून पालिकेत बरंच पाणी तापलं होतं. सगळ्या जातींच्या बायका एका ठिकाणी शिजवणार कशा, याची काळजी त्या नऊ सदस्यांना होती, आणि खरं सांगायचं तर अकरांपैकीही काहींना. तीन चुली मांडाव्यात असं ठरलं. सत्यशीलाने वाद घातला नाही. रॉकेलचं परमिट एकाच स्टोव्हचं काढून आणलं. पहिला दिवस सुलाबाई उपाशी राहिली. दुसऱ्या दिवशी भाकरी जाड झाल्या म्हणून तिनेच परात ओढून घेतली.

चार दिवसांपूर्वी पंचफुला नावाची एक मुलगी आली आहे. एकवीस वर्षांची. चुडाव्यापासून आत कुठल्याशा गावात दिली आहे. घरची वीस एकर जमीन, खाऊनपिऊन सुखी. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. चुडाव्याच्या स्टेशनापर्यंत चालत आली आणि बिनतिकिटाची गाडीत बसली. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत उलथन्याचे डाग आहेत, ओळीने, सारख्या अंतरावर. हात पुढे धरायला लावल्याशिवाय असे सारखे उमटत नाहीत, असं सत्यशीला म्हणते.

मी नाव-गाव लिहून घेत होतो तेव्हा ती म्हणाली, "गुर्जी, एक सांगू का?"

"सांग."

"घरी कळवू नगा. बाकी काय बी करा. भांडे घासायला लावा, शेड झाडायला लावा."

"तसा नियम आहे, बाळ."

"कुनी केलाय?"

"पालिकेने," मी म्हणालो.

अण्णा


१९ मे १९८७

कुसुम,

सत्यशीलाशी माझी खडाजंगी झाली. म्हणजे मी बोललो आणि ती ऐकत राहिली; त्यातली खडा कोण आणि जंगी कोण ते तू ठरव.

माझ्या कच्च्या टिपणावरून पंचफुलाचं नाव तिने पक्क्या नोंदवहीत चढवलंच नव्हतं. नोंद नाही म्हणून आठ दिवसांची मुदत सुरू नाही, म्हणून कार्ड नाही. युक्तिवाद निर्दोष आहे, माझ्या वर्गातला असता तर दहापैकी नऊ दिले असते. मी तिला म्हणालो, बाई, आपण सरकारी जागेत आहोत, उद्या माणिकराव तपासायला आले तर एका बाईपायी पाचजणींचं छप्पर जाईल.

ती म्हणाली, "सर, रजिस्टर तुमचं आहे. बाई तुमची नाही."

मग मी स्वतः पंचफुलाला समोर बसवलं. सांगितलं की घरच्यांना खुशाली कळणं तिच्याच हिताचं आहे. न कळवलं तर लोक भलतं बोलतात आणि परतीची वाट कायमची बंद होते. कळवलं की माणसाचा राग निवतो, कारण राग निम्मा काळजीचा असतो. चांगलं बोललो असेन, कारण ती शेवटी म्हणाली, "तुमी म्हनता तर बरूबर आसंल."

कार्ड मी लिहिलं. 'श्री. भुजंगराव यांस, स. न. वि. वि. आपली पत्नी पंचफुलाबाई या येथे नगरपालिकेच्या निवाऱ्यात (बंबखाना) सुखरूप आहेत. काळजी नसावी. आपल्या सवडीने भेटून समजुतीने मार्ग काढता येईल. कळावे.' नियमाप्रमाणे नक्कल नोंदवहीत चिकटवली. अक्षर सुरेख आलं आहे.

सत्यशीला अजून 'सर' म्हणते, पण आता बोलताना भिंतीकडे बघते. तुला ही पद्धत माहीत आहे. तूच तिची आद्य प्रवर्तक.

अण्णा


७ जून १९८७

कुसुम,

भुजंग आला. नावावरून जे डोळ्यांपुढे येतं तसा मुळीच नाही. सव्वीस-सत्तावीसचा, भांग पाडलेला, हळू बोलणारा. आल्या आल्या माझ्या पाया पडला. बरोबर त्याचे चुलते किशनराव, गावातली चार-सहा माणसं, एक जीप, नवं लुगडं, नारळ. किशनरावांची आणि माणिकरावांची जुनी ओळख निघाली, त्यामुळे चहा लगेच आला.

"गुर्जी, तुमचं कार्ड आलं म्हून जिवात जीव आला," किशनराव म्हणाले. "आमी इहिरी धुंडायलो हुतो."

"हात उचलला, न्हाई म्हनत न्हाई," भुजंग म्हणाला. "पर पुन्हा न्हाई. आईशपथ लिहून देतो."

लिहून घेतलं. स्टँपपेपरवर समजुतीचा कागद केला : यापुढे मारहाण करणार नाही, नांदवीन, तिने झाल्या गोष्टीबद्दल तक्रार करू नये. भाषा माझी. पहिला साक्षीदारही मी.

पंचफुलाला शेडमध्ये बोलावून विचारलं. आम्ही अकरा जण होतो. सत्यशीला आत यायला निघाली तर माणिकराव म्हणाले, "हा घरचा मामला आहे बाई, तुम्ही बाहेर थांबा." मी काही बोललो नाही, पदाने ते सभापती आहेत. माणिकरावांनी विचारलं, "काय गं, जातीस ना?" तिने पदर पुढे ओढला आणि खाली बघत राहिली. "लाजली," माणिकराव म्हणाले. "लिहा, राजीखुशीने."

जीपमध्ये बसताना मला म्हणाली, "गुर्जी, तुमी म्हनला हुता समदं नीट हुईल."

"होईल," मी म्हणालो.

रात्री जेवताना तुझ्या वहिनीने विचारलं, "तिला विचारलंत?"

"विचारलं."

"किती जणांसमोर?"

"अकरा."

ती उठली. माझ्या पानात भात वाढायचा होता, तो वाढलाच नाही. मीही मागितला नाही.

हे सगळं तुला का लिहितो आहे, असं विचारशील. पालिकेच्या निवाऱ्यातून पहिली बाई समेट होऊन सन्मानाने घरी गेली, ही बातमी चांगलीच नाही का? मी वार्षिक अहवालात तशी लिहिली आहे. तू काय म्हणतेस ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णा


३ जुलै १९८७

कुसुम,

पंचफुला परत आली आहे. बंबखान्यात आली नाही, माझ्याकडे तर नाहीच. सत्यशीलाच्या वस्तीत तिच्या घरी गेली. सत्यशीलाने दोन दिवस मला कळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत आली आणि वर्गाच्या दारातून म्हणाली, "सर, तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण सरकारी दवाखान्यात नीट बघत नाहीत, मोठ्या माणसाची चिठ्ठी लागते." म्हणून मला कळलं. मोठा माणूस म्हणून.

जबडा सुजलेला आहे. डाव्या कानाचा पडदा गेला. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागतं. हे मी बघितलं. बाकीचं तिने सत्यशीलाला सांगितलं आणि सत्यशीलाने मला, एकेक शब्द मोजून, माझ्याकडे बघत. त्या दिवशी ती भिंतीकडे बघत नव्हती.

माझं कार्ड गावात आलं तेव्हा टपालवाल्याने ते पारावर वाचून दाखवलं होतं. उघडं कार्ड, कुणीही वाचावं. 'बंबखाना' या शब्दाला लोक हसले. भुजंगला तिथून पुढे पंधरा दिवस लोक विचारत होते, तुझी बायको कुठली आग विझवायला गेली. हे तो इथे चहा पिताना बोलला नाही. कार्ड त्याने जपून ठेवलं होतं. ती ज्या दिवशी घरी पोचली त्याच दिवशी, सासू-सासरे आणि जावा समोर असताना, त्याने ते तिला खायला लावलं. भाकरीसारखं, तुकडे मोडून. नक्कल माझ्याकडे आहे, त्यामुळे तिने काय गिळलं ते मला शब्दशः सांगता येतं. स. न. वि. वि. पासून कळावे पर्यंत.

पुढचे एकवीस दिवस मी लिहीत नाही. मला पुरते माहीतही नाहीत.

फौजदार म्हणाले, समजुतीचा कागद झालेला आहे, तक्रार करणार नाही असं लिहिलेलं आहे, साक्षीदार तुम्हीच आहात.

आता तिला बंबखान्यातल्या चौथ्या खोलीत ठेवलं आहे, कारण वस्तीत किशनरावांची माणसं चौकशी करून गेली. या वेळी नोंद केलेली नाही. मी केलेली नाही. कार्डही पाठवलेलं नाही. माणिकरावांना वास लागला आहे, बंबखान्याचा चौकीदार त्यांचाच माणूस. ते तपासणीला येणार. नोंद केली तर कळवावं लागेल, कळवलं तर ती जिवंत राहणार नाही. नाही केली तर ठराव रद्द होईल आणि आता असलेल्या सहाजणी रस्त्यावर येतील.

तुझ्या दवाखान्यात कामाच्या बायकांना राहायला खोल्या असतात असं कधी तरी ऐकलं होतं. जिल्ह्याबाहेर माझ्या ओळखीचं तुझ्याशिवाय कुणी नाही. पंचफुला कामसू आहे. एवढी एक मुलगी ठेवून घेशील का?

ज्याने तुला खोली दिली नाही तो तुझ्याकडे खोली मागतो आहे, हे मला दिसतं. विनोद म्हणून वाईट नाही. हसू येत नाही एवढंच.

आणि एक लिहायचं राहिलं आहे. त्र्याहत्तरच्या माघात तू आलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी जिंतूरला, तुझ्या सासरी, कार्ड मीच टाकलं. 'कुसुम इकडे सुखरूप आहे, काळजी नसावी.' तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, कुणी तरी बोललं असेल. कुणी बोललं नव्हतं.

अण्णा


११ जुलै १९८७

कुसुम,

आठ दिवस झाले. हो किंवा नाही, एवढंच लिही. नाही असलं तरी लिही, म्हणजे दुसरं दार ठोठावायला मोकळा होईन. दुसरं दार कुठलं ते मात्र मला माहीत नाही.

माणिकरावांनी नोटीस दिली आहे, वीस तारखेला तपासणी. भुजंग गावात येऊन-जाऊन असतो. काल नळावरून सुलाबाईने त्याला शेडच्या मागे बघितलं. "काय पायजे रे?" तिने विचारलं. "कायी न्हाई मावशी, बंब बघायला आलतो," तो म्हणाला. तेव्हापासून सुलाबाई चौथ्या खोलीच्या दारात आडवी निजते. घागर उशाला घेऊन. तिच्यापाशी तेवढंच जड काही आहे.

मी शाळेत अपादान शिकवत होतो. वियोगाची विभक्ती, झाडापासून पान पडतं, हे उदाहरण मी सत्तावीस वर्षं देतो. पान का पडतं ते व्याकरण विचारत नाही. मीही विचारलं नाही.

या वर्षाच्या आधीच्या तेरा पत्रांत मी तुला वेगवेगळ्या शब्दांत एकच वाक्य लिहिलं : मला माहीत नव्हतं. तू सांगितलं असतंस तर तुला परत पाठवलं नसतं. कुसुम, मला माहीत होतं. तू न्हाणीत होतीस तेव्हा तुझ्या वहिनीने तुझी पाठ बघितली होती. तिने मला त्याच सकाळी सांगितलं. तुला दिवस गेलेत हेही सांगितलं. मी म्हणालो, मग तर जायलाच हवं. दुपारच्या बसचं तिकीट मी आधीच काढलेलं होतं.

पुढे तुझं जे झालं त्याला मी पत्रांत 'आजारपण' म्हणत आलो. तो आजार नव्हता, हेही मला माहीत होतं. जिंतूरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की मुलगी होती.

एवढं कळल्यावर तू नाही म्हणालीस तर ते योग्यच आहे. पण ते मला म्हण. पंचफुलाला नको.

अण्णा


१६ ऑगस्ट १९८७

कुसुम,

तुझं पत्र आलं. मला नव्हे, सत्यशीलाला. तिचा पत्ता मी तुला दिला नव्हता; 'बालवाडीच्या बाई, बंबखाना' एवढ्यावर ते पोचलं. चौदा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, तेही पाकिटावरचं, तेही तिने हाताने अर्धं झाकलेलं.

"ताईंची एकच अट आहे," सत्यशीला म्हणाली. "जागा तुम्हाला सांगायची नाही. आणि मुलीला त्या स्वतःकडेही ठेवणार नाहीत, कारण त्यांचा पत्ता तुम्हाला ठाऊक आहे."

अट बरोबर आहे. मी नियमावली लिहीत होतो तेव्हा तू सल्लागार हवी होतीस.

अठरा जुलैला सत्यशीला आणि पंचफुला, त्या दोघी गेल्या. कुठल्या गाडीने, ते विचारलं नाही. तुझ्या वहिनीने आपलं एक लुगडं आणि चपला दिल्या, मला त्या खोलीत येऊ न देता. सत्यशीला पाचव्या दिवशी एकटी परतली. मी विचारलं, "पोचली?" ती म्हणाली, "सर, हेही विचारू नका." मग जरा थांबून म्हणाली, "डाव्या कुशीवर निजते, उजवा कान वर ठेवून. दार ऐकू यावं म्हणून." यातून जेवढं समजायचं तेवढं समजलो.

तपासणीत चौथी खोली रिकामी होती, पण चौकीदाराने जबाब दिला. बारा तारखेला खास सभा झाली. मी घरून एक उत्तर तयार करून नेलं होतं, ते खोटं होतं आणि त्यात तीन पोटवाक्यं होती. माणिकरावांनी उभं केल्यावर ते आठवेना.

"पंचफुला नावाची बाई बंबखान्यात होती?"

"होती."

"नोंद?"

"नाही."

"घरच्यांना कळवलं?"

"नाही."

"का?"

"मागच्या वेळी कळवलं होतं म्हणून."

किशनराव प्रेक्षकांत बसले होते. माणिकरावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "आता कुठे आहे ती?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. सगळ्यांना ठाऊक आहे की मला खोटं नीट बोलता येत नाही, त्यामुळे विश्वास बसला.

ठराव रद्द झाला, चौदा विरुद्ध सहा. एकतीस ऑगस्टपर्यंत खोल्या मोकळ्या करायच्या आहेत. माझं सदस्यत्व गेलं, ते सांगण्यासारखं नाही. सहाजणींपैकी दोघी आपल्या घरी परत गेल्या. मी त्यांना वाटेत गाठून काय सांगणार होतो? एकीने मला नमस्कार केला. तिचा नवरा तिला नेहमी डोक्यात मारतो. तिघींना सत्यशीलाने वस्तीत विहारामागच्या दोन खोल्यांत जागा केली आहे. तिथे नोंदवही नाही आणि नियमावलीही नाही. सुलाबाई अजून बंबखान्यातच आहे. एकतीस म्हणजे एकतीस, म्हणते, त्याच्या आधी घागर हलणार न्हाई.

पंचफुला वाचली म्हणून मला बरं वाटतं असं लिहिणार होतो. त्या दोघींचे चेहरे आड येतात. तुला माझ्याकडून हिशोब नको असेल, नुसतं सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. गेले दहा दिवस भुजंग रोज आमच्या ओट्यावर येऊन बसतो. दहाच्या सुमाराला, टपाल येण्याच्या वेळी. आरडाओरडा करत नाही. पाणी मागतो, आम्ही देतो. पोस्टमन काही देऊन गेला की मान वाकडी करून शिक्का बघतो. परवा मी म्हणालो, "अरे, मला खरंच माहीत नाही."

"आसंल," तो म्हणाला. "पर तुमाला कळवायची सवय हाय, गुर्जी. आन् त्या लोकायला बी तुमाला कळवावं वाटंल कधी तरी. मला घाई न्हाई."

म्हणून हे पत्र मी इथे टाकणार नाही. उद्या सुट्टी आहे, चारठाण्याला जाणार आहे. संस्कृतचा मास्तर जुनी देवळं बघायला गेला यात कुणाला नवल वाटायचं नाही. तिथल्या पेटीत टाकीन. माझ्या वहीतलं तुझ्या पत्त्याचं पान पाकीट लिहून झालं की फाडणार आहे. पाठांतर मात्र आमच्याकडून लहानपणी असं करवून घेतलं आहे की ते फाडता येत नाही, तेव्हा तेवढा धोका राहतो. तुला दवाखाना बदलता आला तर बदल. कुठे गेलीस ते मला कळवू नकोस.

तिला माझा निरोप देऊ नकोस. माझं नाव तिच्या कानावर नको, त्या एकाच कानावर.

चौदा वर्षं मी दहाच्या सुमाराला दाराशी येऊन उभा राहत आलो. या आठवड्यात पोस्टमन दारावरून सरळ पुढे गेला आणि मला पहिल्यांदा हायसं वाटलं. भुजंग ओट्यावर होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याला पाणी आणून दिलं.

कुसुम, उत्तर पाठवू नकोस.